झाडावरून कारखान्यात: भारतातल्या दारूच्या पुरवठ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दारूबंदीच्या ग्रामसभा, बचत गटांच्या बैठका, कधी एखाद्या महाविद्यालयातलं व्याख्यान अशी बोलावणी येत राहिली. गाव बदललं तरी प्रश्न बदलत नाहीत. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

‘दारूचा पुरवठा’ म्हणजे लोक किती पितात तेच ना?

जवळपास, पण तेच नव्हे. देशात तयार झालेल्या दारूत आयात मिळवायची, निर्यात वजा करायची आणि गोदामातला साठा किती वाढला किंवा घटला ते बघायचं. उरतो तो पुरवठा, म्हणजे पिण्यासाठी उपलब्ध झालेली दारू. ती सांडली, स्वयंपाकात गेली, पर्यटकाने प्यायली की इथल्या माणसाने, हे त्या आकड्याला कळत नाही.

तरीही दीर्घकालीन कल बघायला हाच आकडा जास्त भरवशाचा आहे. माणूस दारात आलेल्या सर्वेक्षकापुढे खोटं बोलतो. डिस्टिलरीतून निघालेल्या ट्रकला मात्र वाहतूक पास लागतो, त्यावर शुल्क भरलेलं असतं आणि त्याची नोंद राहते. यात एकच मोठं भगदाड आहे: जी दारू ट्रकमध्ये कधी चढलीच नाही तिचं काय? भारताच्या बाबतीत हा प्रश्न सतत डोकं वर काढतो आणि पुढच्या बऱ्याच उत्तरांत तो येईल.

लिटर म्हणजे लिटरच. त्यात काय समजून घ्यायचं?

सगळा घोळ इथेच होतो. बातमीत ‘राज्यात इतके कोटी लिटर दारू रिचवली’ असं येतं तेव्हा बीअर, देशी आणि व्हिस्की एकाच मापात ओतलेली असते.

वर्गात मी रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडायचो आणि मुलांना लेबल वाचायला लावायचो. १८० मिलीची क्वार्टर घ्या. तिच्यावर ४२.८ टक्के असा आकडा दिसतो आणि कधी ‘२५ यूपी’ असंही छापलेलं असतं. हे ब्रिटिश अबकारीचं जुनं माप. ५७.१ टक्के तीव्रतेला त्यांनी ‘प्रूफ’ म्हणजे शंभर धरलं. ४२.८ म्हणजे त्यातले पंचाहत्तर, म्हणून प्रूफच्या खाली २५. अबकारी खात्यात ‘बल्क लिटर’ म्हणजे बाटलीतला सगळा द्रव आणि ‘प्रूफ लिटर’ म्हणजे या मापाने मोजलेली ताकद.

आता गुणाकार करा. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. ६५० मिलीच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरमध्ये ५२. एक लिटर ताडी पाच टक्क्यांची धरली तर ५०. म्हणजे हातात मावणारी क्वार्टर त्या भल्यामोठ्या बीअरच्या बाटलीच्या दीडपट भारी. म्हणून जगभर हे आकडे शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमध्ये, पंधरा वर्षांवरील दर माणशी मोजतात. ताडी पिणारा गाव क्वार्टरवर आला तर द्रव कमी होतो आणि अल्कोहोल वाढतं. ‘लिटर’ बघणाऱ्याला वाटतं, दारू घटली.

मग भारतात दारू वाढली का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार दर माणशी शुद्ध अल्कोहोल २००५ मध्ये २.४ लिटर, २०१० मध्ये ४.३ आणि २०१६ मध्ये ५.७ लिटर होतं. अकरा वर्षांत दुपटीहून जास्त. ५.७ लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ७४ क्वार्टर, आणि ही सरासरी न पिणाऱ्यांनाही धरून आहे.

याच ५.७ मधले फक्त ३ लिटर नोंदलेले आहेत. उरलेले हातभट्टी, घरची मोहाची, चोरटी वाहतूक अशा बिननोंदीच्या दारूचे, अंदाजाने धरलेले. जवळपास निम्मा आकडा अंदाजाचा असताना ‘दुप्पट झाली’ हे वाक्य जपून वापरावं.

माझं मत सांगतो. वाढ खरी आहे. उत्पन्न वाढलं, शहरं वाढली, बाटली गावोगाव पोचली. पण त्या वाढीचा एक भाग असा आहे की जी दारू आधी झाडाखाली, परसात, नदीकाठी गाळली जायची आणि कुणाच्या वहीत येत नव्हती, ती कारखान्यातून येऊ लागली आणि वहीत दिसू लागली. गेल्या दीडशे वर्षांत भारतातली दारू झाडावरून कारखान्यात गेली. ही गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचे कल उलगडतात.

पण सरकारी सर्वेक्षण तर म्हणतं की पिणारे कमी झाले!

हो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या पुरुषांत दारू पिणारे २०१५-१६ मध्ये २९ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २२ टक्के झाले. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के पिणारे निघाले, एकूण सुमारे १६ कोटी.

हे आकडे पुरवठ्याच्या आकड्यांना थेट खोटं पाडत नाहीत. पिणारे कमी आणि दारू जास्त, हे एकाच वेळी होऊ शकतं, कारण पिणारा जास्त पितो. शिवाय घरात चारचौघांसमोर, बायको-आईच्या कानावर जाईल अशा बेताने ‘तुम्ही दारू पिता का?’ असं विचारलं की उत्तर काय येणार? ज्या राज्यात पिणं गुन्हा आहे तिथे तर विचारूच नका. अरुणाचल प्रदेशात याच पाहणीत निम्म्याहून जास्त पुरुष आणि सुमारे चोवीस टक्के स्त्रिया पितो म्हणून सांगतात. तिथे घरची तांदळाची बीअर पाहुण्यापुढे ठेवायची चीज आहे, लपवायची नाही. त्यामुळे आकड्यांतला फरक थोडा पिण्याचा आणि थोडा लाजेचाही असतो.

इंग्रज येण्याआधी इथे लोक काय पीत होते?

जे झाड जवळ, त्याचं. कोकणात माडाची माडी, किनाऱ्याला आणि ठाण्या-पालघरात ताडाची ताडी, कोरड्या भागात शिंदी, जंगलात मोह. माडी काढणं हे भंडारी समाजाचं परंपरागत काम. पहाटे उतरवलेला रस गोड, ती नीरा. ऊन चढलं की तीच फेसाळते आणि संध्याकाळपर्यंत आंबट, कडक होते. ही दारू दूर नेता येत नव्हती, साठवता येत नव्हती, म्हणून तिचा पुरवठा गावापुरता आणि हंगामापुरता असायचा.

गावठी दारू फार पूर्वीपासून होती आणि तिच्याने माणसं बरबादही होत होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिला एक नैसर्गिक कुंपण होतं. झाड देईल तेवढीच.

मग ते बदललं केव्हा?

मुंबई इलाख्यात याचं वर्ष आहे १८७८. त्या वर्षीच्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद करून दारू मोठ्या, देखरेखीखालच्या डिस्टिलऱ्यांत आणायची व्यवस्था केली. मक्ता सगळ्यांत मोठी बोली लावणाऱ्याला. ताडीवर झाडागणिक कर. अबकारीचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड या व्यवस्थेमागे होते. भंडाऱ्यांनी झाडकराला कडवा विरोध केला, झाडं छेदायचंच बंद केलं. मुंबईची मोहाची दारू उरणच्या डिस्टिलऱ्यांतून यायची आणि त्या बहुतेक पारशी मालकांच्या होत्या.

सरकारचं म्हणणं होतं की महाग केली की लोक कमी पितील आणि महसूलही वाढेल. ‘जास्तीत जास्त महसूल, कमीत कमी सेवन’ हे ब्रीद तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक राज्याच्या अबकारी धोरणात या ना त्या शब्दांत सापडतं. दोन्ही एकदम कधीच साधत नाही, कारण महसूल वाढवायला बाटल्या खपाव्याच लागतात. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० मध्ये, त्यांनी शहरात दारूची दुकानं वाढवण्याला लेखी विरोध केला. हा सापळा त्यांना तेव्हाच दिसला होता.

मोहाच्या फुलावर बंदी होती, हे खरं का?

खरं आहे. लोकांना हे ऐकून सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घरोघरी गाळणं थांबेना, तेव्हा सरकारने फुलालाच हात घातला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगणं आणि हलवणं सरकारच्या ताब्यात घेतलं. ज्यांनी मोहाचं झाड पाहिलं आहे त्यांना यातला अन्याय लगेच कळेल. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात. उजाडायच्या आत बायका, मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली येतात. आधल्या दिवशी पालापाचोळा झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते, नाहीतर फूल सापडत नाही. फूल मांसल, फिकट पिवळं, बोटांना चिकटणारं. गडचिरोलीकडच्या एका अंगणात मी ती वाळत घातलेली पाहिली. तीन-चार दिवसांत मनुकेसारखी तांबूस होतात आणि सगळ्या घराला तो गोड, जड वास येतो. त्या घरच्या आजींनी मला मूठभर भाजलेली फुलं खायला दिली. दारूचा विषयही निघाला नव्हता. हे फूल अन्न आहे, गुरांचा खुराक आहे, पावसाळ्यातला आधार आहे, आणि त्याची दारूही होते. कायद्याने त्यातली शेवटची गोष्ट तेवढी पाहिली.

महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आदिवासींनी स्वतःहून दारू सोडल्याचाही इतिहास आहे. १९२२ ची देवी चळवळ पालघरच्या किनाऱ्यावरून निघाली आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पसरली. ‘दारू सोडा, ताडी सोडा, मक्तेदाराकडे जाऊ नका’ ही देवीची आज्ञा. मक्तेदाराच्या कर्जातून सुटण्याचा तो मार्ग होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी होती. तेव्हा पुरवठा थांबला असेल?

नोंदलेला पुरवठा कोसळला. पहिला प्रयत्न १ ऑगस्ट १९३९ चा, काँग्रेस मंत्रिमंडळाचा, तो मंत्रिमंडळ गेल्यावर विरला. मग मुंबई दारूबंदी कायदा, १९४९, आणि १९५० पासून पूर्ण बंदी. मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला.

आणि मग? हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा, खाडीकाठची झाडी. खाडीत, नाल्यात, झोपडपट्टीत दारूचा एक समांतर उद्योग उभा राहिला आणि त्यातून मुंबईत गुन्हेगारीची साम्राज्यं पोसली गेली. धारावीकडच्या वरदराजन मुदलियारचं नाव त्यात पहिलं येतं.

शेवटी १९६० च्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने बंदी सैल करायला सुरुवात केली आणि १९७३ च्या देशी दारू नियमांनी कायदेशीर देशी दुकानं आली. ज्या वर्षांत बंदी सैल झाली त्या वर्षांचे आकडे पाहून ‘लोक एकदम प्यायला लागले’ असा निष्कर्ष काढू नका. बरीचशी दारू फक्त वहीत आली.

गुजरात १ मे १९६० ला वेगळा झाला, तो तोच १९४९ चा कायदा घेऊन. त्याने बंदी ठेवली. दमणची दुकानं कुणाच्या जिवावर चालतात ते सीमेवरच्या कुणालाही विचारा.

‘परमिट रूम’ हे नाव कुठून आलं?

याच कायद्यातून. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री दारूबंदीच आहे आणि प्यायला परवाना लागतो: एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन. ज्या खोलीत परवानाधारकच बसू शकतात ती परमिट रूम.

देशी, विदेशी, इंग्लिश यांत फरक काय? सगळं तर इथेच बनतं.

बरोबर ओळखलंत. सरकारी भाषेत ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’, म्हणजे इथे तयार झालेली व्हिस्की, रम, ब्रँडी, जिन. गावात तिला इंग्लिश म्हणतात. देशी म्हणजे परवान्याने बनलेली, संत्र्याच्या स्वादाची वगैरे स्वस्त दारू. गावठी किंवा हातभट्टी म्हणजे बेकायदा.

बाटलीतला माल बघितला तर पहिल्या दोन्ही बहुतेक एकाच नळातून येतात: कारखान्यात तयार झालेलं अतिशुद्ध अल्कोहोल, त्यात पाणी, रंग, स्वाद. व्हिस्कीत थोडं माल्ट मिसळतात. मळीच्या अल्कोहोलला युरोपीय कायदा व्हिस्की म्हणत नाही.

भारताच्या पुरवठ्याची सगळ्यांत ठळक खूण हीच आहे. नोंदलेल्या अल्कोहोलपैकी सुमारे ९२ टक्के कडक दारूतून येतं, बीअरमधून आठ टक्के, वाईनमधून एकाहून कमी. बीअर दर माणशी वर्षाला जेमतेम दोन लिटर, तीही बहुतांश स्ट्राँग. देशाच्या पुरवठ्यात कडक दारूचं पारडं इतकं जड असणं जगात दुर्मीळ आहे. इथे सवय ‘घोटभर जेवताना’ अशी नाही. चटकन, उभ्या उभ्या, नशेसाठी. माझ्या मते नुकसानीचं मोठं कारण हेच, आणि याला आपल्या करपद्धतीचाही हातभार आहे. शंभर रुपयांत जास्तीत जास्त अल्कोहोल हवं असेल तर बीअर परवडत नाही, क्वार्टर परवडते.

मळीचा आणि दारूचा संबंध काय?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे माहीत असायलाच हवं. १९५० मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगामागून कारखाने वाढत गेले. एक टन उसातून साखर काढल्यावर चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते आणि तिच्यातून सुमारे दहा लिटर अल्कोहोल निघतं. मळी पडून राहिली तर वास, घाण, प्रदूषण. डिस्टिलरी लावली तर पैसा. म्हणून साखर वाढली की अल्कोहोल वाढलं, मागणी असो वा नसो. झाडाचं कुंपण गेलं आणि त्याजागी उसाचा हंगाम आला.

२००७ मध्ये महाराष्ट्राने धान्यापासून अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान द्यायचं धोरण आणलं. ज्वारी-बाजरीची दारू करायची आणि त्याला सरकारी पैसा द्यायचा, याविरुद्ध राज्यात मोठा आवाज उठला. तो योग्यच होता असं मला आजही वाटतं.

आता ऊस पेट्रोलमध्ये जातो. मग दारू कमी होईल?

महाग झाली आहे. पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के झालं. डिस्टिलरीला आता दोन गिऱ्हाइकं आहेत, बाटलीवाला आणि तेल कंपनी. मका आणि तांदूळही यात ओढले गेले. पिण्याच्या अल्कोहोलचा भाव त्यामुळे चढला, पण भट्ट्यांची क्षमताही कैक पटींनी वाढली आहे. उद्या पेट्रोलकडची मागणी मंदावली तर ही क्षमता कुठे वळेल, हा प्रश्न आज कुणी विचारताना दिसत नाही. विचारायला हवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल दिला की औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अधिकारात येतं. त्यामुळे टँकरवर नजर ठेवण्याची जबाबदारी आता राज्यांना झटकता येणार नाही.

सरकारला दारूचे पैसे सोडवत का नाहीत?

राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी राज्याने झटावं असं लिहिलं आहे. त्याच घटनेने दारूचा विषय आणि तिच्यावरचं उत्पादन शुल्क राज्यांना दिलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा पिण्याची दारू आणि पेट्रोल-डिझेल बाहेर राहिले. म्हणजे अर्थमंत्र्याला स्वतःच्या मर्जीने दर वाढवता येईल अशा मोजक्या गोष्टी उरल्या, त्यातली दारू सगळ्यांत सोपी.

२०२० चा लॉकडाऊन आठवा. २५ मार्चला दुकानं बंद, ४ मेला पहिली उघडली ती दारूची. दिल्लीने सत्तर टक्के जादा कर लावला तरी रांगा. मुंबईत दुसऱ्याच दिवशी गर्दीमुळे दुकानं पुन्हा बंद करावी लागली.

महाराष्ट्राने जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केलं आणि धान्याधारित ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार आणला. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, नव्या प्रकाराला १४८, विदेशीला २०५ आणि प्रीमियमला ३६०. अपेक्षा वर्षाला १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाची. देशीचं शुल्क प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये झालं. २५ यूपीच्या क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर बसतं, म्हणजे सुमारे २८ रुपये शुल्क, विक्रीकर वेगळा. आता या पायऱ्या बघा. २०५ न परवडणारा १४८ वर येईल, १४८ न परवडणारा ८० वर, आणि ८० ही न परवडणारा हातभट्टीवर. अल्कोहोल तेवढंच राहू शकतं, फक्त बाटली बदलते.

दक्षिणेत अर्राक, म्हणजे तिथली स्वस्त देशी दारू, बंद केली, त्याचा उपयोग झाला का?

आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्यात साक्षरता वर्गातल्या बायकांनी १९९२ मध्ये अर्राकविरुद्ध उठाव केला. १९९३ मध्ये अर्राक बंद, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी, १९९७ मध्ये माघार. केरळने १९९६ मध्ये, कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अर्राक थांबवली. प्रत्येक ठिकाणी स्वस्त विदेशी मद्याने ती जागा भरली. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री टास्मॅक या सरकारी महामंडळाकडेच आहे. आकड्यांत दक्षिणेची ‘विदेशी’ जी प्रचंड वाढलेली दिसते, तिच्यात या बदलाचा मोठा वाटा आहे.

पण त्या बायकांचा लढा वाया गेला असं मी कधीही म्हणणार नाही. अर्राकची पाकिटं दारात येणं थांबलं. ज्या घराने ते भोगलं आहे त्याला त्याची किंमत विचारावी.

दुकानं कमी केली तर दारू कमी होईल ना?

थोडीफार. महाराष्ट्राने सत्तरच्या दशकातच वाईन शॉपचे नवे परवाने देणं थांबवलं. तरी विक्री वाढतच गेली, कारण परमिट रूम वाढल्या आणि जुन्या दुकानांची उलाढाल फुगली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं हटवायचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आला तेव्हा काही महिने विक्रीला धक्का बसला, मग दुकानं आत सरकली.

‘बाटली आडवी’ करायची म्हणजे नेमकं काय?

गावातल्या किंवा वॉर्डातल्या पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की दुकान बंद करण्यावर गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. एक बाटली उभी, एक आडवी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चूक होऊ नये म्हणून. एका गावात मतदानाच्या दिवशी मी होतो. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी चिठ्ठी हातात धरून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, “एवढी वर्षं ती उभी होती, मी आडवी होते.”

यात अट अशी जड की मतदान करणाऱ्यांचं नव्हे, एकूण महिला मतदारांचं निम्म्याहून जास्त मत लागतं. कापणीच्या दिवसांत मतदान ठेवलं, बायका मजुरीला गेल्या, की हरलात.

वर्धा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांचं काय?

वर्ध्यात गांधीजी आणि विनोबांच्या वास्तव्यामुळे आधीपासूनच बंदी आहे, गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनामुळे १९९३ पासून. अभय आणि राणी बंग त्या आंदोलनात होते आणि २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालू आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने बायकांना घेऊन चिमूर ते नागपूर पायी मोर्चा काढला, २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारने उठवली.

जिल्हाबंदीचं यश अबकारीच्या आकड्यांनी मोजता येत नाही. तिथे नोंदलेला पुरवठा शून्यच असतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या सीमेजवळच्या दुकानांची उचल, म्हणजे त्यांनी विक्रीसाठी घेतलेला माल, बघावी लागते आणि गावोगाव जाऊन बायकांना विचारावं लागतं. गडचिरोलीत गावपातळीवर संघटन टिकलं, हा मला चंद्रपूरहून मोठा फरक वाटतो.

फेणी आणि नाशिकची वाईन यांचा वाटा किती?

प्रमाणात नगण्य, महत्त्वाने नव्हे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बोंडू तुडवून काढलेला रस आंबवायचा, पहिल्या धारेचा तो हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. झाडाशी नातं न तुटलेल्या, कायदेशीर राहिलेल्या मोजक्या परंपरांपैकी ही एक. नाशिकची वाईन २००१ च्या राज्याच्या द्राक्षमद्य धोरणानंतर फोफावली. सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा जानेवारी २०२२ चा निर्णय विरोधामुळे अमलात आला नाही.

ब्रिटनशी करार झाला, आता स्कॉच स्वस्त होऊन लोक जास्त पितील का?

जुलै २०२५ च्या करारात आयात शुल्क १५० वरून ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४० टक्के करायचं ठरलं. २०२२ मध्ये भारत स्कॉचचा बाटल्यांच्या संख्येने जगातला सगळ्यांत मोठा ग्राहक ठरला होता, २१.९ कोटी बाटल्या. तरी भारतातल्या व्हिस्कीत तिचा वाटा सुमारे दोन टक्केच. एकूण कलावर परिणाम जवळपास नाही.

विषारी दारूने माणसं मरतात ती हातभट्टीमुळेच ना?

मोठ्या दुर्घटनांत मारेकरी बहुतेकदा मिथेनॉल असतं, कारखान्यात वापरायचं. ते चोरून आणून पाण्यात मिसळून विकतात. मुंबईत विक्रोळीला १९९१ आणि २००४ मध्ये, मालाडच्या मालवणीला जून २०१५ मध्ये असंच झालं. मालवणीत शंभरावर माणसं गेली, बहुतेक रोजंदारीवरची. म्हणजे पुरवठ्यातल्या नोंद न झालेल्या भागातही झाडाची जागा कारखान्यानेच घेतली. फक्त तो चोरवाटेने आला.

आमच्या गावचा आकडा आम्हाला काढता येईल का?

नक्की येईल, आणि काढाच. माहितीच्या अधिकारात जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे तुमच्या गावातल्या दुकानाची महिन्याची उचल मागा, देशी, विदेशी, बीअर वेगवेगळी. क्वार्टरच्या एका खोक्यात ४८ बाटल्या असतात. समजा दुकान महिन्याला ३०० खोकी उचलतं. झाल्या १४,४०० क्वार्टर, म्हणजे सुमारे ११०० लिटर शुद्ध अल्कोहोल, वर्षाला १३,३०० च्या आसपास. दुकानावर येणाऱ्या गावांत मिळून पंधरा वर्षांवरची माणसं ८००० असतील तर दर माणशी १.६६ लिटर. बीअर असेल तर तिचा हिशेब वेगळा करून मिळवा. मग हातभट्ट्या किती चालतात, एक भट्टी आठवड्याला किती डबे काढते, हे विचारा. बायकांना ते तंतोतंत माहीत असतं.

पाच वर्षांची उचल एकदम मागा, एका महिन्याची मागू नका. दिवाळी, लग्नसराई, निवडणूक यांमुळे एकच महिना फसवतो. आणि कागद मिळाला की त्याची झेरॉक्स ग्रामपंचायतीत लावा.